खिडकीच्या ट्रॅकमधलं पाणी आणि सासऱ्यांचं एम-सील

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीत सहाव्या मजल्यावर राहतो. बेडरूमची खिडकी पश्चिमेला आहे. ॲल्युमिनियमची स्लायडिंग, दोन काचा आणि एक जाळी. जोराचा पाऊस झाला की खालच्या ट्रॅकमध्ये पाणी भरतं आणि ग्रॅनाइटच्या कट्ट्यावरून ओघळून थेट गादीवर येतं. खिडकीखालच्या भिंतीचा रंग फुगलाय, पापुद्रे सुटलेत. ट्रॅकमध्ये काळा चिखल आणि कबुतरांची घाण आहे, काच सरकवायला दोन्ही हात लागतात. मागच्या वर्षी ट्रॅकच्या बाहेरच्या भोकांतून डास-मुंग्या येतात म्हणून सासऱ्यांनी ती भोकं एम-सीलने बुजवली. मिस्टर म्हणतात, ही खिडकीच काढून यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीची बसवू. कामवाल्या मावशी खिडकीला हात लावत नाहीत. मी रोज सकाळी उठून फडकी पिळते. नक्की काय करू?
— फडकी पिळून कंटाळलेली, डोंबिवली

उत्तर :

खिडकी बदलू नका. निदान या पावसाळ्यात तरी नाही. आधी सासऱ्यांनी बुजवलेली ती भोकं उघडा, मग बाकीचं बोलू.

ती भोकं चुकून राहिलेली नाहीत, मुद्दाम पाडलेली असतात. स्लायडिंग खिडकी कितीही चांगली असली तरी तिच्यातून पाणी ट्रॅकमध्ये उतरणारच. काच सरकायची म्हणजे शटर, म्हणजे सरकणारा पल्ला, आणि चौकट यांच्यात थोडी तरी मोकळीक ठेवावी लागते, आणि जिथे मोकळीक तिथे पाणी. म्हणून खालचा ट्रॅक पन्हळीसारखा केलेला असतो : पाणी येऊ दे, पण आतल्या बाजूला न चढता बाहेरच्या बाजूने जाऊ दे. तुमच्या खिडकीला जाळी धरून तीन शटर आहेत, म्हणजे ट्रॅकमध्ये बहुधा तीन नाळी असतील. त्यांच्या मधल्या उभ्या पट्ट्यांनाही टोकाशी खाचा असतात. आतल्या नाळीतलं पाणी मधलीत, मधलीतून बाहेरचीत आणि तिथून बाहेर, असा त्याचा रस्ता. यातला शेवटचा दरवाजा बंद केला की ट्रॅकची बादली होते आणि बादली भरली की आतल्या कडेवरून सांडते. तुमच्या गादीवर येतं ते हे सांडलेलं पाणी.

पश्चिमेच्या खिडक्यांना हा त्रास जास्त का, तेही सांगते, कारण ते कळलं की अर्ध्या गोष्टी आपोआप सुचतात. आपल्याकडे पावसाळ्यातला वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. तो पाऊस नुसता काचेवर मारत नाही, ट्रॅकमधल्या पाण्यालाही आत रेटून धरतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा खिडकीवर सरळ येऊन आदळला तर त्याचा दाब सुमारे पावणेदोन सेंटिमीटर उंचीच्या पाण्याएवढा असतो. म्हणजे भोकं उघडी असली तरी तेवढा वेळ ट्रॅकमधलं पाणी तितकं वर चढल्याशिवाय बाहेर पडत नाही. भोकातून बुडबुडे येताना, पाणी गुडगुडताना दिसतं ते त्यामुळेच. मग वारा जरा पडला की सगळं एका दमात निघून जातं. चांगल्या खिडकीत ट्रॅकची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा चांगली उंच ठेवलेली असते ती याच हिशेबाने. स्वस्तातल्या सेक्शनमध्ये, म्हणजे चौकटीच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांत, ती बुटकी असते.

यातून एक बिनपैशाचा उपाय निघतो. पाऊस झोडपत असेल तेव्हा घराच्या विरुद्ध बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवू नका आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद करा. पूर्वेकडची खिडकी उघडी असली की घरातल्या हवेचा दाब उतरतो आणि पश्चिमेचं पाणी आणखी जोरात आत ओढलं जातं. बेडरूमचं दार लावून घेतलंत तरी फरक दिसेल. पाणी अजिबात थांबेल असं नाही, पण फडकी कमी भिजतील.

आता एम-सील. सुदैवाने गुळगुळीत ॲल्युमिनियमवर ते फार घट्ट धरत नाही. खरवडून, साफ करून मग लावलं असेल तरच चिकटून बसतं, आणि धुळीवर लावलेलं असेल तर बहुधा अख्खा तुकडाच निघतो. दोन्ही काचा आणि जाळी एका बाजूला सरकवा म्हणजे अर्धा ट्रॅक मोकळा होईल. बुजवलेल्या जागी केस वाळवायचा ड्रायर दोन-तीन मिनिटं धरा, गरम झालं की ते थोडं मऊ पडतं. मग जुना बारीक स्क्रूड्रायव्हर आतून टेकवून हलकेच ठोका. पोपडा सुटेल. हे करताना त्या बाजूला खाली माणसं ये-जा करत नाहीत ना, ते आधी बघा, सहाव्या मजल्यावरून पडलेला एम-सीलचा खडासुद्धा लागतो. खडा निघाला नाही तर छोट्या ड्रिलने जुन्याच भोकाच्या जागी भोक करून घ्या. काहीही झालं तरी हे सगळं घरात उभं राहून करायचं. ग्रिलवर चढून, छज्जावर उतरून, बाहेरून हात घालून नाही. ज्या खिडकीचं काम आतून होत नाही ते आपलं काम नव्हे.

भोकं उघडली की लगेच ट्रॅक धुवायला घेऊ नका. इथे बहुतेक घरांत उलटं होतं : आधी बादलीभर पाणी ओततात, धुळीचा चिखल होतो आणि तो चिखल नेमका जाऊन त्याच भोकांत बसतो. वाळल्यावर तो सिमेंटसारखा घट्ट. साधी धूळ असेल तर ती कोरडीच काढायची. रंगाचा इंचभर रुंदीचा ब्रश घ्या, जुना चालेल, आणि धूळ टोकाकडून मधे गोळा करून व्हॅक्यूमने किंवा कागदाच्या सुपलीने उचला. व्हॅक्यूमच्या तोंडावर जाड स्ट्रॉ चिकटपट्टीने लावली तर ती नाळीच्या तळापर्यंत जाते. कोपऱ्यात, जिथे उभी आणि आडवी चौकट जुळते, तिथे केस, धागे, डासांचे पंख आणि गेल्या दिवाळीतल्या फटाक्यांची राखही सापडते. हे कोपरे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला फडकं गुंडाळून साफ करा.

पण तुमच्याकडे कबुतरं आहेत, म्हणून तुमच्यासाठी क्रम बदलतो. कबुतराची वाळलेली विष्ठा कोरडी झाडायची नाही, कधीच नाही. तिची भुकटी श्वासातून फुप्फुसात जाते. सतत संपर्कात राहणाऱ्यांना त्यातून हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे ॲलर्जीमुळे फुप्फुसाला येणारी सूज, होऊ शकतो, आणि विष्ठेतल्या बुरशीचा धोका वेगळाच. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये जो वाद पेटला, त्यात मुंबई महापालिकेची मुख्य हरकत आरोग्याचीच होती. त्या वादात कोणाची बाजू घ्यायची ती घ्या, तुमच्या ट्रॅकमध्ये जे आहे त्याला मात्र मास्क लावूनच हात घाला. भांड्याचं लिक्विड घातलेलं पाणी स्प्रेच्या बाटलीने त्यावर मारा, दहा मिनिटं भिजू द्या, मग हातमोजे घालून जुन्या वर्तमानपत्राने उचलून पिशवीत बांधून टाका. घरात कोणाला दमा असेल तर त्यांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवा. सासऱ्यांना असेल तर त्यांनाही.

मोठी घाण निघाल्यावर मग धुणं. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, जुना टूथब्रश. बस्स. यापेक्षा जास्त काही लागत नाही, आणि जास्त काही वापरल्यानेच खिडक्या खराब झालेल्या मी बघते. संडास साफ करायचं लिक्विड ट्रॅकमध्ये ओतू नका. त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि ते ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर खाऊन पांढरट डाग पाडतं जे पुन्हा जात नाहीत. कॉस्टिक सोड्याचंही तेच. तारेचा काथ्या ओरखडे पाडतो, आणि त्याचे बारीक तुकडे नाळीत राहून गंजतात, मग ॲल्युमिनियमला गंज कसा चढला म्हणून आपण डोकं धरतो. लिंबू-व्हिनेगरचे घरगुती उपाय हल्ली फार फिरतात. तुमचा कट्टा ग्रॅनाइटचा आहे म्हणून बचावेल, पण ज्यांचा कट्टा कडप्प्याचा किंवा संगमरवराचा आहे त्यांनी आंबट काहीही लावू नये. दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. आम्ल पडलं की चकाकी गेलीच. आणि ब्लीच व ॲसिड एकत्र तर कधीच करू नका, क्लोरीन वायू होतो. बंद खोलीत, खिडकीशी वाकून काम करताना तो थेट नाकात जातो.

एक टीप इमारतीचं बाहेरचं काम चालू असणाऱ्यांसाठी. प्लास्टर, रंग किंवा शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू असेल तर ट्रॅकवर आणि चौकटीवर रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावून ठेवा. ओलं सिमेंट आणि चुना अल्कधर्मी असतात, ॲल्युमिनियमला ते आम्लाइतकेच बोचतात. पडल्या पडल्या पुसलं तर ठीक, आठवडाभर राहिलं तर डाग कायमचा.

धुऊन झालं की सुक्या फडक्याने ट्रॅक कोरडा करा आणि मग ती चाचणी करा जिच्यावर तुमचा पुढचा सगळा खर्च ठरणार आहे. उघडीप असलेल्या दिवशी, वारा नसताना, काचा एका बाजूला सारून आतल्या नाळीत हळूहळू अर्धा मग पाणी ओता आणि बघत बसा. पाणी मधल्या खाचेतून पुढे सरकून मिनिटाभरात बाहेरच्या भोकातून खाली गेलं, तर खिडकी निरोगी आहे. जागच्या जागी उभं राहिलं तर अजून कुठेतरी चिखल किंवा एम-सील अडकलंय. ते मधल्या पट्टीच्या खाचेतही असू शकतं, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. तिसरी शक्यता मला तुमच्या बाबतीत जास्त वाटते : पाणी उतरतंय, पण बाहेर येताना दिसत नाही. मग ते कुठे जातंय? भिंतीत.

रंगाचे पापुद्रे खिडकीच्या खाली सुटलेत असं तुम्ही लिहिलंय. कट्ट्यावरून ओघळलेल्या पाण्याने भिंत वरून भिजते, डाग ओघळासारखा लांब दिसतो. पण कट्टा कोरडा असताना त्याच्या खालून, मधूनच भिंत फुगत असेल तर पाणी चौकटीतून आत शिरतंय. दोन जागा तपासा. एक, चौकटीचे खालचे कोपरे, जिथे दोन तुकडे पंचेचाळीस अंशांत किंवा काटकोनात कापून जोडलेले असतात. दुसरी, ट्रॅकच्या तळाशी असलेले स्क्रू. खिडकी बसवताना फिटर बऱ्याचदा ट्रॅकच्या तळातून सरळ स्क्रू मारतात आणि त्यांच्या डोक्यावर सिलिकॉन लावायचं राहून जातं. बॅटरी घेऊन वाकून बघा. स्क्रूचं डोकं गंजून लाल झालेलं आणि त्याच्याभोवती बारीक काळी कडी दिसली, तर पाणी तिथूनच उतरतंय. असे स्क्रू काढून स्टेनलेस स्टीलचे बसवायचे, भोकात आणि डोक्यावर सिलिकॉन भरायचं. कोपऱ्यांनाही आतून सिलिकॉन.

पण हे आत्ता नको. ओल्या जागेवर लावलेलं सिलिकॉन महिनाभरही टिकत नाही. नवरात्रानंतर ऊन पडायला लागलं, चौकट दोन-चार दिवस खडखडीत वाळली, की करा. दुकानात नुसतं सिलिकॉन मागू नका. एक प्रकार असतो ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो काचेला, मत्स्यपेटीला ठीक आहे, धातू आणि दगडाला नाही. तुम्हाला न्यूट्रल, बाहेरच्या कामाचं, वेदर सीलंट म्हणतात ते हवं. चौकट आणि ग्रॅनाइट यांच्यामधल्या सांध्यालाही तेच, बाहेरच्या बाजूने. बाहेरच्या कामासाठी सोसायटीत दोरीवर लटकून काम करणारी माणसं येतात तेव्हा चार घरांचं एकत्र करून घ्या. आणि त्या माणसाला आधी दटावून सांगा, की भोकांवर सिलिकॉन ओढायचं नाही. उत्साहाच्या भरात सगळ्याच फटी बुजवणारे कारागीर फार, तुमचे सासरे एकटे नाहीत.

भिंतीचा रंगही तोवर थांबू दे. आतून वॉटरप्रूफ रंग लावून बाहेरचं पाणी थांबत नाही, ते फक्त रंगामागे साचतं. पापुद्रे खरवडून भिंत उघडी ठेवा, ऑक्टोबरच्या उन्हात वाळू द्या, मग पुट्टी. ग्रॅनाइटचा उतारही तेव्हाच तपासा : कट्ट्यावर एक गोटी ठेवा, ती बाहेर गेली पाहिजे. आत आली तर बांधणाऱ्याने उतार उलटा दिलाय, आणि तो ट्रॅक धुऊन सुटणारा प्रश्न नाही.

आता काच सरकवायला दोन हात का लागतात ते. शटरच्या खाली चाकं असतात, फिटर त्यांना बेअरिंग म्हणतात. त्यांच्या आसाभोवती केस आणि धागे गुंडाळले जातात, मग चाक फिरत नाही, घसरत जातं आणि एका बाजूने झिजून चपटं होतं. ट्रॅक साफ झाल्यावरही घरघर आली तर चाकं गेली समजा. ही चाकं बदलून मिळतात, खिडकी बदलायचं कारण नाही. शटरच्या उभ्या कडेला अगदी खाली एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की बऱ्याच खिडक्यांत शटर किंचित वर-खाली होतं. कधी कधी एवढ्यानेच काम भागतं, कारण शटर एका बाजूला बसून तळाला घासत असतं. चाकं बदलायला मात्र शटर उचलून काढावं लागतं, आणि सहाव्या मजल्यावर ते तुम्ही किंवा तुमच्या मिस्टरांनी करू नये. काचेसकट शटर वाटतं त्यापेक्षा जड असतं आणि हातातून तिरकं झालं की सांभाळता येत नाही. ॲल्युमिनियमवाल्याला बोलवा. तो आला की शटरच्या कडेची केसाळ पट्टीही बघायला सांगा, दुकानात तिला वूल पाइल म्हणतात. ती झडली असेल तर पाऊसही आत येतो आणि डासही.

तेल घालू नका. खोबरेल नको, शिलाई मशीनचं नको, स्वयंपाकातलं तर नकोच. आठ दिवस काच लोण्यासारखी पळते, मग त्या तेलात धूळ बसून काळी पेस्ट होते, आणि तुमच्या पत्रातला काळा चिखल असाच झालेला असेल तर मला नवल वाटणार नाही. ट्रॅकच्या ज्या उभ्या कडेवर चाक फिरतं, तिच्यावर पांढरी मेणबत्ती दोनदा घासा. किंवा सिलिकॉनचा स्प्रे फडक्यावर मारून ते फडकं फिरवा.

डास आणि मुंग्यांचं काय, हा सासऱ्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, उपाय चुकला. मुंग्या बहुधा चौकट आणि ग्रॅनाइटच्या फटीतून येतात, ती फट सीलंटने बंद झाली की थांबतील. डासांचा मोठा रस्ता ती भोकं नसून जाळी आणि काच यांच्यामधली फट असते. हवा हवी म्हणून आपण काच अर्धी उघडी ठेवतो. तेव्हा काचेची कड आणि जाळीची कड एकमेकांवर येत नाहीत आणि मधे बोटभर उभी वाट राहते, जाळी लावूनही घरात डास का म्हणून आपण चरफडतो. काच उघडायची तर जाळी असेल तिथे पूर्ण उघडायची, नाहीतर पूर्ण बंद. उलट बुजवलेल्या भोकांनी तुमच्याकडे डासांची सोयच झाली असणार. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, त्याला बाटलीच्या टोपणातलं पाणीही पुरतं, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ट्रॅक कोरडा करायचाच.

हे सासऱ्यांना कसं सांगायचं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ते आहे. सांगू नका. मगाची चाचणी त्यांच्यासमोर करा, भोकं उघडण्याआधी एकदा आणि उघडल्यानंतर एकदा. ज्या माणसाने स्वतः दुकानात जाऊन एम-सील आणलं, मळलं, वाकून भरलं, त्याला घराची काळजी आहे आणि हात चालवायची हौसही आहे. दर रविवारी अर्धा मग पाणी ओतून ते बाहेर जातं की नाही बघणं, हे काम त्यांच्याकडे द्या. मला खात्री आहे, महिन्याभरात ते शेजाऱ्यांच्या खिडक्या तपासायला जातील.

मिस्टरांच्या यूपीव्हीसीबद्दल. वाईट नाही ती. सेक्शन खोल असतात, रबर चांगलं असतं, खाऱ्या हवेत खराब होत नाही. पण स्लायडिंग यूपीव्हीसीलाही खाली तीच भोकं असतात, फार तर वारा आत येऊ नये म्हणून त्यांच्यावर छोटी झापड असते. ती भोकं बुजली की तिथेही पाणी गादीवरच येणार. पश्चिमेच्या खिडकीवर पैसे घालायचेच असतील तर सरकणारी नव्हे, दारासारखी उघडणारी खिडकी मागा. ती बंद करताना चारही बाजूंनी रबरावर दाबून बसते, सरकणारी कधीच तितकी घट्ट बसत नाही. मात्र ग्रिल आड येत असेल तर ती आत उघडणारी करावी लागेल आणि मग पडद्याची पंचाईत. शिवाय जुनी चौकट काढताना टाइल्स फुटतात, आणि बाहेरून रंग वेगळा दिसला तर सोसायटी पत्र पाठवते. हा सगळा खर्च मगभर पाण्याची चाचणी झाल्यावर ठरवा, आधी नको.

साफसफाईचा मोठा हात मारायचा कधी? आपण खिडक्या दिवाळीला धुतो. ट्रॅकसाठी ती वेळ उशिराची. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, म्हणून मे संपायच्या आत ट्रॅक आणि भोकं झालेली हवीत. दिवाळीला काचा, पडदे, ग्रिल काय ते करा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पाऊस संपल्यावरही महिन्यातून एकदा चौकट नुसत्या गोड्या पाण्याने पुसावी. मीठ साचलं की ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात आणि पांढरी भुकटी सुटते.

नागपूर-अमरावतीकडच्या वाचकांनी मला विचारायच्या आधीच सांगते : तुमच्याकडे खिडकीचा शत्रू पाऊस नाही, कूलर. खिडकीला टेकवलेल्या कूलरचं क्षारांचं पाणी कट्ट्यावर ठिबकून पांढरे थर जमतात. थर जमल्यावर घासत बसण्यापेक्षा कूलरखाली ट्रे ठेवा. आणि जुन्या वाड्यांत, बंगल्यांत लाकडी खिडक्या असणाऱ्यांनी जुलैमध्ये खिडकी फुगून लागत नाही म्हणून सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नये. डिसेंबरात लाकूड आकसतं आणि पावसात घट्ट बसणारी तीच खिडकी थंडीत खडखडायला लागते. तोवर कडेला मेणबत्ती घासा आणि कळ काढा.

राहिल्या मावशी. त्यांचं म्हणणं मला पटतं. झाडू-पोछा-भांडी ठरलेली असताना खिडक्या त्यात येत नाहीत, आणि कबुतराची घाण तर नाहीच. त्यांना करायचं असेल तर वेगळे पैसे ठरवा, मास्क आणि हातमोजे तुम्ही आणून द्या, आणि ग्रिलच्या बाहेर हात घालायला किंवा खिडकीत चढायला सांगू नका, त्या स्वतःहून चढल्या तरी उतरवा.

भोकं या रविवारी उघडा. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी कट्ट्यावरून आलं की खालच्या भिंतीतून पाझरलं, तेवढं बघून मला कळवा. भिंतीतून पाझरलं तर दिवाळीआधी फिटरला नेमकं काय करायला सांगायचं ते सविस्तर लिहीन, सोबत चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांचा जवळून काढलेला फोटो पाठवा.